कौल आणि संकल्प

(श्रींच्या वर्धापनदिनी सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून काढणे हाच माझा जन्मभराचा व्यवसाय. त्यामुळे स्वतःचे म्हणून काही सांगायचे झाले की माझी थोडी तारांबळ उडते. विषय कोणता घ्यावा या विवंचनेत काही दिवस गेले, आणि शेवटी तो मला या मंडपातच सापडला.

गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी मी या खांबाशी बसलो होतो. आपल्यापैकीच एक कुटुंब श्रींचा प्रसाद घेण्यासाठी आले होते. मुलगा पंचविशीचा, हाताला चांगली नोकरी. ती सोडून पुढील अभ्यासासाठी परदेशी जावे, असे त्याच्या मनात. आईवडिलांना धीर होत नव्हता. भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले. थोड्या वेळाने डावी पाकळी पडली. वडील म्हणाले, "जरा प्रश्न बदलून विचारा. या वर्षी नाही, पुढल्या वर्षी गेला तर?" पुन्हा पाकळ्या लागल्या, आणि या खेपेस उजवी पडली. सर्वांना हायसे वाटले, नारळ ठेवला गेला, मंडळी परतली. मुलाचा चेहरा मात्र मला प्रसन्न दिसला नाही. त्याने डावी मानायची की उजवी? आणि दुसरी खरी मानली, तर पुढल्या वर्षी पुन्हा विचारायचे की नाही?

मी कौलाची थट्टा करण्यास उभा राहिलेलो नाही. मीही या गाभाऱ्यापुढे अनेकदा हात जोडून पाकळीकडे डोळे लावून बसलेलो आहे. कौल मागणे म्हणजे आपले ज्ञान अपुरे आहे अशी कबुली देणे, आणि त्या कबुलीत नम्रता आहे. परंतु त्याच नम्रतेच्या आडोशाला कधीकधी आपले भय जाऊन बसते. शेवटाची खात्री आधी करून घ्यावी आणि मगच पहिले पाऊल टाकावे, असा हिशेब आपण देवापुढे मांडतो. देवालाच जामीन राहायला सांगतो म्हणा ना!

आता याच मंडपात रोज घडणारी दुसरी गोष्ट पाहा. पूजेस बसलेला यजमान प्रारंभी हातात पाणी घेऊन संकल्प करतो. आपल्याला ते शब्द इतके पाठ झाले आहेत की त्यांची रचना आपल्या ध्यानी येत नाही. त्यात आधी देश सांगितला जातो. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र आणि नाव. म्हणजे मी कोठे उभा आहे, कोणत्या घटकेस उभा आहे आणि मी कोण आहे, हे जेवढे निश्चितपणे सांगता येईल तेवढे सारे सांगून टाकायचे. त्यानंतर कामना. आणि मग शेवटचे क्रियापद येते, 'करिष्ये', मी करीन. हे शब्द भविष्यकाळी आणि प्रथम पुरुषी आहेत. फळ देवाकडे मागितलेले आहे. मी वचन देतो ते माझ्या कर्मापुरते. तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडले की ते पुन्हा तळहातावर घेता येत नाही.

मनुष्याने मोठे काही योजावे आणि त्याचा शेवट त्याला ठाऊक नसावा, अशा वेळी आपल्याजवळ या दोन रीती आहेत. एक कौलाची, दुसरी संकल्पाची. आज मला दुसरीविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी आपल्याच मातीतल्या एका पुरुषाचे उदाहरण घ्यायचे आहे.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टीतल्या सांकवाळ गावी झाला. घरी माडाचे भाट होते. प्रकृती नाजूक, आणि शिक्षण म्हणावे तर गावातले मोडके-तोडके मराठी. इंग्रजी येत नव्हते, संस्कृताचा अभ्यास व्हायचा होता. लहान वयातच लग्न झाले. एखाद्याने त्यांचा हात पाहून भविष्य सांगितले असते, तर नारळांचे हिशेब ठेवण्यातच हे आयुष्य जाईल असेच सांगितले असते, आणि त्यात काही हीनपणाही नव्हता. आपल्यापैकी कितीतरी घरे त्याच हिशेबावर उभी राहिली.

परंतु 'बाळबोधमेवा' नावाचे मुलांचे एक मासिक त्यांच्या हाती आले आणि त्यात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. त्या वाचनाने हा तरुण पार बदलून गेला. बुद्धाने काय सांगितले ते मुळातून शिकायचे, आणि ते ज्ञान आपल्या मराठी बांधवांपुढे ठेवायचे, असे त्याने मनाशी ठरवले. मूळ ग्रंथ पाली भाषेत. सांकवाळमध्ये पाली कोण शिकवणार? ती कोठे शिकवतात हेही त्यांना माहीत नव्हते. घरातून बाहेर पडण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न तडीस गेले नव्हते. ते परत आले होते. शेवटी १८९९ च्या अखेरीस ते निघाले, ते निघालेच.

पुढचा प्रवास त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात सांगितला आहे. १९२४ साली पुस्तकरूपाने आलेला हा ग्रंथ प्रत्येक महाजनाच्या घरी असावा असे मला वाटते. त्या प्रवासाचा नकाशा काढला तर तो सरळ रेघेचा निघत नाही. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. तेथून ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस गेले. काशीत अन्नछत्रातल्या जेवणावर राहून संस्कृताचा अभ्यास केला. १९०२ मध्ये मोठ्या आशेने नेपाळ गाठले, कारण बुद्धाच्या जन्मभूमीकडे त्याचा धर्म जिवंत असेल अशी त्यांची समजूत होती. तेथे घोर निराशा झाली. मग बोधगया. तेथे कळले की पाली शिकायचे तर सिंहलद्वीपास जावयास हवे. तेव्हा कलकत्त्याहून पुढे कोलंबो, आणि तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणाशी त्यांना हवे होते ते अखेर सापडले. पुढे ब्रह्मदेशही झाला.

महाजनहो, या साऱ्या वाटेवर एकाही मुक्कामी त्यांना शेवट दिसत नव्हता. पुण्यात असताना काशीची वाट समजली, बोधगयेस गेल्यावर कोलंबोची. पुढचा एक मुक्काम तेवढा कळायचा, आणि तोही आधीच्या मुक्कामावर पोहोचल्याशिवाय कळत नसे. सांकवाळात बसून सारा मार्ग निश्चित करून मगच निघायचे असे त्यांनी म्हटले असते, तर ते कधीच निघाले नसते, कारण तो मार्ग सांकवाळात बसून कळण्यासारखाच नव्हता. अनिश्चितपणा संपल्यावर संकल्प करायचा, हा क्रम आपण धरतो. पुष्कळदा तो उलटा असतो. निघाल्याशिवाय अनिश्चितपणा कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट. १९०६ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर विद्यापीठात पाली शिकवू लागले. आता स्थिरावले, असे कोणीही म्हटले असते. परंतु मूळ संकल्प दोन भागांचा होता. शिकणे झाले, मराठी माणसांपुढे ठेवणे राहिले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट इतकीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून कोसंबींनी हे ५० रुपये घेतले. पुढे १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते, आणि पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. संकल्पाची परीक्षा संकटात होते असे आपण ऐकतो. मला वाटते, ती सोयीची जागा मिळाल्यावर अधिक कठोर होते.

येथवर ऐकून माझ्या भगिनींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोसंबी घरातून निघाले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई तरुण होत्या आणि पदरात काही महिन्यांची मुलगी होती. त्यानंतर सुमारे सात वर्षांनी, १९०६ साली, कोसंबी घरी आले आणि पत्नीस व मुलीस कलकत्त्यास घेऊन गेले. सात वर्षे! त्या काळच्या गावात, एकत्र कुटुंबात, नवरा कोठे आहे आणि परत येणार की नाही हे माहीत नसताना एका स्त्रीने ती कशी काढली असतील? धर्मानंदांच्या नावाने आपण अभिमान बाळगतो, व्याख्याने देतो. बाळाबाईंनी 'करिष्ये' म्हटले नव्हते. पाणी मात्र त्यांच्याही ओंजळीतून गेले.

आपल्या पूजाविधीत यजमान संकल्प सोडतो तेव्हा पत्नी त्याच्या हाताला दर्भ लावून बसते. मी हे शेकडो वेळा पाहिले, परंतु त्याचा अर्थ मला उतारवयात कळला. एकट्याने सोडलेल्या संकल्पाचा भार घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी पडतोच. निदान तो त्याला विचारून पडावा. धर्मानंदांच्या चरित्रातून मी निश्चय घेतो, आणि बाळाबाईंच्या चरित्रातून ही सूचना घेतो. दोन्ही सारख्याच मोलाच्या आहेत. त्या घराविषयी एवढे सांगितले पाहिजे की १९१८ साली कोसंबी अमेरिकेस गेले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. ती माणिक म्हणजे १८९९ मध्ये मागे राहिलेली तीच तान्ही मुलगी, आणि दामोदर म्हणजे पुढे जगाने गणिती व इतिहासकार म्हणून मान दिला तेच दा. ध. कोसंबी.

आता फळाविषयी. बाराव्या-तेराव्या वर्षी केलेली इच्छा चाळिशीत पुरी होते, असे क्वचित घडते. परंतु काही संकल्प एका आयुष्यात मावतच नाहीत. अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन नावाचे एक गृहस्थ होते. बालपणी अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्यास दुखापत झाली आणि जन्मभर ते व्यंग सोसून त्यांनी पालीचा व्यासंग केला. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या विशाल ग्रंथाचे संपादन त्यांनी हाती घेतले आणि ते अपुरे ठेवून १८९९ च्या आरंभी ते वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस सांकवाळातला तो तरुण घराबाहेर पडला. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. अकरा वर्षांनी, १९१० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाने ते अपुरे काम पुढे नेण्यासाठी कोसंबींना बोलावले. कामाच्या श्रेयावरून मतभेद झाल्याने १९१२ मध्ये ते परतले, तरी पुढे पुन्हा पुन्हा तिकडे जाऊन त्या ग्रंथावर परिश्रम करीत राहिले. देवनागरीतली स्वतःची आवृत्ती त्यांनी १९४० साली मुंबईस भारतीय विद्या भवनाकडून प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती, वॉरन आणि कोसंबी या दोघांची नावे घेऊन, १९५० साली निघाली. कोसंबींनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला होता. म्हणजे त्या दोघांपैकी एकालाही ते छापील पान पाहता आले नाही.

हे ऐकून कुणास विषाद वाटेल. मला तो वाटत नाही, कारण मी बसलो आहे ती जागाच अशी आहे. कोसंबींच्या सांकवाळचे श्री लक्ष्मीनृसिंह आज कोठे आहेत? अंत्रुजात, वेलिंगला. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा गावोगावच्या माणसांनी आपापले देव उचलले आणि जुवारीपार, आदिलशाही मुलखात आणले. कुठ्ठाळीचे मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. मूर्ती होडीत ठेवणाऱ्या त्या माणसांना काय ठाऊक होते? मुलूख परका, डोक्यावर छप्पर नाही, मागे शेती-घरे गेलेली. कवळ्याचे आजचे मंदिर उभे राहिले ते शाहू महाराजांच्या काळात, अठराव्या शतकात. म्हणजे देवी नदीपार आल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी. होडीत बसलेल्यांपैकी कोणीही तो कळस पाहिला नाही. पुढे १७६३ मध्ये फोंडा महालही पोर्तुगीजांच्या हाती गेला, तेव्हा निवडलेली जागा कायमची निर्धास्त होती असेही म्हणता येत नाही. आणि तरीही आज येथे समई तेवते आहे. महाजन हे पद आपल्याला वारशाने मिळाले. ते ज्यांनी प्रथम मिळवले, त्यांनी ते शेवट माहीत नसताना मिळवले.

आता शेवटी एक गोष्ट माझ्यापुरती. दुसऱ्यांच्या संकल्पांची व्याख्याने देऊन स्वतः कोरडे राहणे बरे नव्हे.

आपल्या देवस्थानाच्या कोठीत, लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या हिशेबाच्या वह्या आहेत, हे आपणांपैकी अनेकांना माहीत आहे. त्या मोडीत आहेत. कचेरीतल्या कामामुळे जुने पोर्तुगीज दस्तऐवज मला वाचता येत, मोडी मात्र येत नव्हती. मी तिशीत होतो तेव्हा ती उत्तम वाचणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्यात होते. त्यांनी मला दोनतीनदा म्हटले, "ये, बस, शिकवतो. माझ्यानंतर या वह्या कोण वाचणार?" मी दर वेळी म्हणालो, "पाहू, या जत्रेनंतर." जत्रा झाली, दुसरी आली. बढती होईल तेव्हा वेळ मिळेल, मुले मार्गी लागतील तेव्हा मिळेल, असे करता करता ते गृहस्थ गेले. मी कुणाला नाही म्हटले नव्हते. तरी तीस वर्षांचे उत्तर नाहीच झाले.

निवृत्तीनंतर मी पुस्तकावरून मोडी शिकू लागलो. आधी ओळभर रेघ ओढून खाली अक्षरे लोंबकळत ठेवलेली, शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. पहिल्या वर्षी एक पान लागायला आठवडा जाई. आज मला एक वही उतरवून काढण्यास सुमारे चार महिने लागतात. वह्या एकंदर ४१. तीन झाल्या, ३८ उरल्या. म्हणजे १५२ महिने, बारा वर्षे आठ महिने. माझे वय ६७. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फारसे आश्वासन दिलेले नाही, आणि कागदाला वाळवी व कसर यांनी तर काहीच दिलेले नाही. हिशेब जुळत नाही. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला न जुळणारा हिशेब पुढे ओढण्याची सवय नसते. वह्यांत काही महत्त्वाचे निघेल की केवळ तेल, नारळ आणि तळीच्या दुरुस्तीचा खर्चच निघेल, हेही मी सांगू शकत नाही. आतापर्यंत बहुतेक तेलच निघाले आहे!

याविषयी मी कौल लावलेला नाही. डावी पडली तर मी काम थांबवीन, अशी भीती मला वाटली. पत्नीस मात्र विचारले. ती म्हणाली, "कपाट रिकामे करून देते. पण चतुर्थीच्या आधी चौकीवरचा पसारा आवरलाच पाहिजे." ही अट मी मान्य केली आहे, आणि तिच्या या होकाराला मी दर्भाइतकाच पवित्र मानतो.

तेव्हा श्रींच्या समोर आणि आपणां सर्वांच्या साक्षीने मी म्हणतो, की दृष्टी आहे तोवर रोज सकाळी दोन तास मी या वह्यांना देईन. त्या पुऱ्या होतील असे मी म्हणत नाही. ते माझ्या हाती नाही. दोन तास माझ्या हाती आहेत. समितीकडे माझी मागणी पैशाची नाही. आपल्यातली दोन तरुण मुले-मुली रविवारी माझ्याजवळ येऊन बसावीत, एवढीच आहे. मला शिकवण्यास कोणी तयार होते तेव्हा मी गेलो नाही. आता मी तयार आहे, आणि येणाऱ्याने जत्रेनंतरचा वायदा करू नये. माझ्या हातून जी वही अर्धी राहील ती कोणीतरी त्याच ओळीपासून पुढे उचलावी.

आणि त्या सकाळी प्रसाद घेऊन गेलेल्या मुलाला, तो येथे असल्यास, मला एवढेच सांगायचे आहे. बाबा, उजवी आणि डावी दोन्ही पडून गेल्या. आता आईवडिलांजवळ बस, खर्चाचा आणि विरहाचा हिशेब त्यांच्यापुढे उघडा मांड, त्यांचे म्हणणे ऐक. मग देश, काळ, गोत्र, नाव यांतले जे निश्चित आहे ते मनाशी म्हण. राहिले ते करिष्ये. ते तुझ्याऐवजी पाकळीला म्हणता येणार नाही.